हेदर बेटावरून सुटलेला कडा: कोलंबिया हिमनदीच्या टोकाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

अलास्काच्या दक्षिणेकडील चुगाच पर्वतरांगेतून उतरणारी कोलंबिया हिमनदी प्रिन्स विल्यम साउंड या आखातात समुद्राला मिळते. कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेने 1794 मध्ये या किनाऱ्याची पाहणी केली तेव्हा हिमनदीचे टोक हेदर नावाच्या एका लहान बेटाच्या आसपास होते. एका शतकानंतर, 1899 मध्ये, हॅरिमन मोहिमेबरोबर आलेले भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ते पुन्हा पाहून नकाशावर उतरवले, आणि तेव्हाही ते जवळपास त्याच जागी होते. पुढे 1970 च्या दशकापर्यंत थोडे पुढे, थोडे मागे अशी हालचाल सोडली तर त्यात फारसा फरक पडला नाही. हिमनदीची लांबी तेव्हा सुमारे 66 किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे 1,100 चौरस किलोमीटर होते.

या स्थैर्यामुळे ती पाहणाऱ्याला निर्धोक वाटे. पण त्याच किनाऱ्यावरच्या इतर हिमनद्यांचा इतिहास वेगळा होता. व्हँकुव्हर यांच्या काळात ग्लेशियर बे हे आखात जवळपास तोंडापर्यंत बर्फाने भरलेले होते; नंतर तिथला बर्फ सुमारे 100 किलोमीटर मागे गेला. पाण्यात संपणाऱ्या बहुतेक शेजारी हिमनद्या कधी ना कधी अशी मोठी माघार घेऊन बसल्या होत्या आणि कोलंबिया तेवढी राहिली होती. ही गोष्ट तिच्या मजबुतीची खूण समजायची की तिची पाळी अजून यायची आहे असे समजायचे, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुरताच राहिला असता. परंतु 1968 मध्ये उत्तर अलास्कात प्रूडो बे येथे तेलाचा मोठा साठा सापडला आणि ते तेल सुमारे 1,300 किलोमीटर लांबीच्या नळवाहिनीने दक्षिणेला व्हाल्डीझ बंदरापर्यंत आणण्याचे ठरले. 1977 च्या उन्हाळ्यात तेल बंदरात पोहोचले आणि तेलवाहू जहाजांची ये-जा सुरू झाली. त्यांचा मार्ग कोलंबिया हिमनदीच्या उपसागरासमोरून जात होता.

याच मार्गावर 1989 मध्ये अपघात होऊन तेल सांडलेल्या जहाजाचे, त्याच्या मालकांचे आणि त्यावरील माणसांचे नाव पुढे दिलेले नाही. त्या घटनेवर भरपूर लिहिले गेले आहे. येथे लक्ष हिमनदीच्या टोकावर आणि त्याच्याविषयी वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांवर आहे.

टोक कशावर उभे असते

डोंगरावर साचलेला बर्फ स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकत असतो. जमिनीवर संपणाऱ्या हिमनदीत हा बर्फ खाली येता येता वितळतो आणि जिथे येणारा बर्फ व वितळणारा बर्फ यांचा हिशेब जुळतो तिथे टोक दिसते. म्हणूनच टोक मागे गेले तरी आतला बर्फ मागे जात नाही. तो पुढेच वाहत असतो, फक्त पुरेसा पोहोचत नाही. ‘हिमनदी मागे सरकते’ हा आपला रोजचा शब्दप्रयोग या बाबतीत थोडा फसवा आहे.

समुद्रात संपणाऱ्या हिमनदीत या हिशेबात आणखी एक खर्च येतो, तो म्हणजे कडा तुटून हिमनग सुटणे. टोकाची जागा दोन वेगांच्या फरकाने ठरते: बर्फ समुद्राकडे किती वेगाने येतो आणि कडा किती वेगाने तुटतो. अलास्कातील डझनभर हिमनद्यांच्या मोजमापांवरून अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासकांनी 1982 मध्ये एक साधा संबंध मांडला. कड्यापाशी पाण्याची सरासरी खोली मीटरमध्ये घेऊन तिला सुमारे 27 ने गुणले की वर्षाला किती मीटर बर्फ तुटतो याचा अंदाज येतो. खोली 75 मीटर असेल तर वर्षाला सुमारे 2 किलोमीटर; 300 मीटर असेल तर 8 किलोमीटरांहून अधिक.

येथेच कोलंबियाचे गुपित आहे. हिमनदी आपल्याबरोबर दगड, वाळू व गाळ आणून टोकाशी टाकत राहते. त्याचा जो ढिगारा तयार होतो त्याला हिमोढ म्हणतात. हेदर बेटापाशी असा पाण्याखालचा हिमोढ एखाद्या उंबरठ्यासारखा आडवा पसरलेला होता आणि हिमनदीचे टोक त्यावर टेकलेले होते. उंबरठ्यावर पाणी उथळ, म्हणून कडा हळू तुटे आणि येणाऱ्या बर्फाने नुकसान भरून निघे. उंबरठ्याच्या मागे मात्र हिमनदीने कोरलेली दरी समुद्रसपाटीच्या बरीच खाली होती, काही ठिकाणी सुमारे 400 मीटर. टोक उंबरठ्यावरून मागच्या बाजूला घसरले की ते खोल पाण्यात येणार, खोल पाण्यात कडा अधिक वेगाने तुटणार, त्यामुळे ते आणखी मागे आणि आणखी खोल जाणार. पुन्हा उथळ पाणी किंवा कोरडी जमीन लागेपर्यंत हे थांबण्याचे कारण उरत नाही. पुढे येण्याची क्रिया याच्या उलट आणि संथ असते, कारण हिमनदीला तो ढिगारा पुढे ढकलत न्यावा लागतो. त्यामुळे पुढे येण्यास शतके लागतात आणि माघार काही दशकांत होते.

हवामानाचा यात वाटा असतो, पण तो बंदुकीच्या घोड्यापुरता. हळूहळू पातळ होत गेलेल्या बर्फाने टोक उंबरठ्यावरून सुटते. त्यानंतरचा वेग दरीचा आकार ठरवतो. अलास्कातीलच हबर्ड हिमनदी त्याच हवामानात पुढे येत राहिली आणि 1986 व 2002 मध्ये तिने रसेल फियॉर्ड या अरुंद खाडीचे तोंड काही काळ बंदही केले. केवळ टोकाची जागा पाहून तापमानाविषयी निष्कर्ष काढणाऱ्याला ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की अडचण होते.

अडचण

सर्वेक्षण संस्थेतील ऑस्टिन पोस्ट यांनी 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात कोलंबियासमोरच्या पाण्याची खोली मोजली आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहिली. उंबरठ्याची उथळता आणि त्यामागच्या खोलीचा अंदाज हाती आल्यावर त्यांचे म्हणणे असे होते की ही हिमनदी मोठ्या माघारीच्या काठावर असू शकते. माघार झाली तर हिमनगांचे प्रमाण अनेक पटींनी वाढेल आणि त्यातले काही जहाजांच्या मार्गावर येतील, हा त्यातून निघणारा सरळ अर्थ होता.

अडचण अशी की डोळ्यांना काहीच घडताना दिसत नव्हते. दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद ऋतूत कड्यात खोल खाचा पडत आणि हिवाळ्यात बर्फ पुढे येऊन त्या भरून निघत. एखाद्या वर्षीची खाच नेहमीची मोसमी खाच आहे की माघारीची सुरुवात, हे त्याच वर्षी ओळखण्याचा मार्ग नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय वाट पाहण्याचा होता. टोकाची जागा दर वर्षी नोंदवायची आणि ते लागोपाठ काही वर्षे मागे गेले तर इशारा द्यायचा. हा स्वस्त होता आणि त्यात चूक ठरण्याची नामुष्कीही कमी होती. पण माघार एकदा सुरू झाल्यावर ती स्वतःच वाढत जाते, हे वर सांगितलेल्या यंत्रणेवरून उघड होते, म्हणजे इशारा पोहोचेपर्यंत बर्फ पाण्यात आलेला असता.

दुसरा पर्याय टोकापलीकडे जाऊन संपूर्ण खालच्या भागाचे मोजमाप करण्याचा होता: पृष्ठभागाची उंची, वेग, वरून येणारा बर्फ, वितळणारा बर्फ आणि तळाचा आकार. यातली शेवटची बाब सर्वांत अवघड होती. भेगांनी फाटलेल्या आणि आत पाणी मुरलेल्या बर्फातून रडारच्या लहरी तळापर्यंत नीट पोहोचत नाहीत. म्हणून तळाची खोली थेट न मोजता ती पृष्ठभागाच्या वेगावरून आणि बर्फाच्या जमाखर्चावरून गणिताने काढावी लागणार होती. एखाद्या नळातून किती पाणी जाते आणि ते किती वेगाने जाते हे माहीत असेल तर नळाची जाडी काढता येते, तसाच हा हिशेब.

जहाजांच्या बाजूचे पर्यायही समोर होते. बर्फ असताना वेग कमी करायचा, फक्त दिवसाउजेडी जायचे, बर्फ जास्त असेल तर थांबायचे, ठरलेली वाट सोडून बर्फाला वळसा घालायचा, किंवा किनाऱ्यावर बर्फ टिपणारी रडार यंत्रणा उभारायची. यातले पहिले तीन वेळ खातात, शेवटचा पैसा खातो. वळसा घालणे तेवढे तत्काळ फुकट होते. मला हे वाक्य या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रत्यक्ष कृती

शास्त्रज्ञांच्या बाजूने दुसरा पर्याय निवडला गेला. 1977 च्या सुमारास सखोल अभ्यास सुरू झाला. विमानातून वर्षातून अनेक वेळा सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली जात आणि लागोपाठच्या छायाचित्रांतील त्याच भेगा, तेच सुळके ओळखून बर्फाचा वेग व उंची काढली जाई. मार्क मायर यांच्या नेतृत्वाखालील गटाने 1980 मध्ये भाकीत प्रसिद्ध केले. हिमनदीच्या खालच्या भागाची झपाट्याने माघार पुढच्या काही वर्षांत सुरू होईल आणि हिमनगांचा विसर्ग 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धातच शिखर गाठेल, असा त्याचा आशय होता. हिमनदीविज्ञानात असे कालबद्ध भाकीत करण्याचे धाडस क्वचितच झाले होते. वर्ष लिहून देणे हा स्वतंत्र निर्णय होता. ‘कधीतरी’ असे म्हटले असते तर गट सुरक्षित राहिला असता आणि बंदरातल्या कोणीही तो अहवाल हाती घेतला नसता.

जहाजांच्या बाजूने येणारी व जाणारी वाट वेगळी ठेवून मध्ये मोकळा पट्टा राखणारी रचना होती आणि तटरक्षक दलाचे नियंत्रण केंद्र होते. बर्फाची माहिती मुख्यतः जाणारी जहाजेच कळवत. बर्फ दिसला की केंद्राला रेडिओवर सांगून वाट सोडायची, हा प्रघात काळाबरोबर रुळत गेला. तो कोणी एका दिवशी ठरवला असे नाही. शंभर वेळा निर्विघ्न पार पडलेली गोष्ट एकशे एकाव्या वेळी परवानगीसारखी वाटू लागते.

निष्पन्न

1970 च्या दशकाच्या अखेरीस कड्याने हेदर बेट सोडले आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला माघार निश्चित झाली. भाकिताचा गाभा खरा ठरला. तपशील मात्र हुकला: विसर्गाचे शिखर 1985 च्या आत आले नाही, ते 2000 च्या आसपास आले. कडा तुटण्याचा वेग वाढला तसा मागून येणाऱ्या बर्फाचा वेगही वाढत गेला आणि दोन्हींचा फरक अपेक्षेपेक्षा लहान राहिला. बर्फ अक्षरशः ताणला जात होता. तो लांबत होता आणि पातळ होत होता. टोकाजवळचा वेग पुढे दिवसाला 25 ते 30 मीटरपर्यंत पोहोचला. 2000 पर्यंत टोक सुमारे 12 किलोमीटर मागे गेले होते आणि खालच्या भागाची जाडी शेकडो मीटरांनी घटली होती. पुढे एकूण माघार 20 किलोमीटरांच्या पलीकडे गेली आणि एकसंध टोकाची दोन झाली, मुख्य शाखेचे वेगळे व पश्चिम शाखेचे वेगळे.

माघारीनंतरही जुना उंबरठा आपले काम करत राहिला, पण वेगळ्या तऱ्हेने. हिमनगाचा सुमारे नऊ दशांश भाग पाण्याखाली असल्याने मोठे हिमनग उथळ पाण्यात टेकून अडकत आणि तिथेच झिजत. बाहेर पडत ते लहान तुकडे. दिलासा देणारी वाटणारी ही गोष्ट जहाजांच्या दृष्टीने तशी नव्हती. लाटांमध्ये बुडून-वर येणारा, मोटारगाडीएवढा किंवा घराएवढा बर्फ जहाजाच्या रडारवर डोंगराएवढ्या हिमनगापेक्षा कितीतरी अवघड जातो.

23 मार्च 1989 च्या रात्री एक भरलेले तेलवाहू जहाज व्हाल्डीझहून निघाले. आधी गेलेल्या जहाजांनी मार्गात बर्फ असल्याची वर्दी दिली होती. कप्तानाने नियंत्रण केंद्राला कळवून आपली वाट सोडली आणि येणाऱ्या जहाजांची वाट ओलांडून त्याही पलीकडे जहाज नेले. योग्य ठिकाणी परत वळायचे होते. ते वळण वेळेत झाले नाही, आणि मध्यरात्र उलटून काही मिनिटे झाली असताना जहाज ब्लाय रीफ या पाण्याखालच्या खडकावर चढले. सुमारे 4 कोटी लिटर कच्चे तेल आखातात सांडले. त्या भागात जहाज नियंत्रण केंद्राच्या रडारवर दिसत नव्हते. चौकशीत थकवा, देखरेखीतील ढिलाई, नियंत्रण व्यवस्थेतील उणिवा अशी अनेक कारणे पुढे आली आणि अपघाताचे खापर हिमनदीवर फोडण्याचे काहीच कारण नाही. तरीही वाट सोडण्याचे निमित्त होते ते नऊ वर्षांपूर्वी भाकीत केलेल्या बर्फाचे.

निर्णयाचे टप्पे: वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी फट दोन कामांच्या मध्ये होती. शास्त्रज्ञ टोक पाहत होते. नियंत्रण केंद्र जहाजे पाहत होते. टोकापासून जहाजांच्या वाटेपर्यंतचा बर्फाचा प्रवास सातत्याने पाहणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नव्हते. अहवालातला विसर्गाचा आकडा वर्षाचा होता आणि कप्तानाला हवी होती आज रात्रीची माहिती: उंबरठा ओलांडून किती तुकडे आले, वारा कोणत्या दिशेचा, ओहोटी कधी. वर्षाच्या आकड्याचे रात्रीच्या माहितीत रूपांतर करणारा दुवा 1980 मध्येच उभा करता आला असता. अपघातानंतर ओढबोटींची सोबत, दुहेरी कवचाच्या जहाजांची सक्ती आणि कडक नियम आले. ब्लाय रीफजवळच्या रीफ बेटावर बर्फ टिपणारे रडार उभे राहण्यास मात्र आणखी बरीच वर्षे गेली.

दुसरा मुद्दा भाकीत मांडण्याचा. एकच संभाव्य मार्ग दाखवणारे भाकीत हुकले की ऐकणारा दोनच निष्कर्ष काढतो, खरे किंवा खोटे. 1985 उलटून गेले आणि सांगितलेला हिमनगांचा महापूर आला नाही, तेव्हा धोका टळला असे वाटणे स्वाभाविक होते, वास्तविक तो लांबला होता. याच हिमनदीवर 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वेगळी पद्धत वापरली: अनिश्चित घटकांच्या मूल्यांत बदल करत हिमनदीचे संगणकी प्रतिमान असंख्य वेळा चालवले, प्रत्यक्ष नोंदींशी जुळणारे निकाल तेवढे ठेवले आणि नवे स्थिर टोक 2020 च्या आसपास येईल असे सांगितले. 1980 मधील संगणकांवर हे शक्य नव्हते हे मान्य केले तरी आकड्याबरोबर ‘लवकर झाले तर’ आणि ‘उशिरा झाले तर’ अशी दोन वाक्ये लिहिणे शक्य होते.

तिसरा मुद्दा मोजमापाचा आहे आणि आज कोणत्याही हिमनदीवर काम करणाऱ्याला तो लागू पडतो. टोकाची जागा मध्यरेषेवरच्या एका बिंदूने नोंदवली तर एखादी खाच त्या रेषेवर पडली की खोटी माघार दिसते. त्याऐवजी हिमनदीच्या रुंदीएवढी एक चौकट आखून तिच्यातले बर्फाचे क्षेत्रफळ मोजायचे आणि त्याला रुंदीने भागायचे, ही पद्धत आता रूढ आहे. तुलना त्याच महिन्याच्या छायाचित्रांची करायची, हेही तितकेच आवश्यक. मे महिन्याची जागा ऑक्टोबरच्या जागेशी ताडून काहीही सिद्ध करता येते. 1972 पासूनच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांमुळे जुना काळही तपासता येतो आणि ढगांआडून पाहणाऱ्या रडार उपग्रहांमुळे हिवाळ्यातल्या नोंदींची पोकळी भरून निघते.

मात्र जागेची नोंद कितीही काटेकोर केली तरी ती उशिराच बोलते. कोलंबियाच्याच नोंदींवरून 1996 मध्ये असे दाखवले गेले की तिचा कडा पाण्यावर तरंगू लागण्याच्या पातळीपेक्षा सुमारे 50 मीटर उंच असेपर्यंतच टिकतो. बर्फ पातळ होऊन ही उंची घटली की टोक मागे जाते. म्हणजे आधी जाडी पाहायला हवी, मग जागा. हा नियमही अखेरचा ठरला नाही. 2007 च्या सुमारास टोकाचा काही भाग चक्क तरंगू लागला आणि हिमनग सुटण्याची तऱ्हाच बदलली: सतत गळणाऱ्या लहान तुकड्यांऐवजी मधूनमधून सुटणारे मोठे हिमनग दिसू लागले. भूकंपमापकांवर प्रत्येक सुटण्याचा कंप वेगळा उमटत असल्याने हा बदल ढगाळ दिवसांतही टिपता आला. त्याच वर्षापासून काठावरच्या खडकांवर ठरावीक अंतराने छायाचित्र घेणारे कॅमेरेही बसवले गेले. ते टोक मागे जाईल तसे चौकटीबाहेर जात असल्याने कॅमेऱ्यांचे तोंड अधूनमधून फिरवावे लागले.